मालमोटारीवरचा भाता

जगांतील सर्व वस्तूंत हवा सर्वांत स्वस्त. ती विकत घ्यावी लागत नाहीं, आणि तिच्यावर कर बसविण्याचें अजून कोणा राजाला सुचलेलें नाहीं. परंतु हीच फुकटची हवा लोखंडी टाकींत सातआठपट कोंबली, कीं तिचें रूप पालटतें. ती भरलेली मालमोटार चाकांवर तोलून धरते, उतारावरून धांवणारी गाडी थांबविते आणि पाषाणाला भोंक पाडते. ही कोंबलेली हवा मनुष्याच्या सेवेस कशी लागली, ती चाकांवर कशी चढली, आणि मराठवाड्याच्या पूर्व टोंकास असलेल्या देगलूरसारख्या गांवच्या रस्त्यावर व शिवारांत तिनें काय घडविलें व काय बिघडविलें, हा इतिहास शाळेच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. राजे, लढाया व तह यांच्या सनावळींत त्याला जागा मिळत नाहीं. तरीहि सामान्य माणसाच्या भाकरीशीं व पाण्याशीं त्याचा संबंध कित्येक तहांपेक्षां अधिक जवळचा आहे.

देगलूर हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नांदेडच्या दक्षिणेस सुमारें ८० किलोमीटरांवर. महाराष्ट्र, तेलंगण व कर्नाटक या तीन राज्यांच्या सीमा येथून जवळ, म्हणून बाजाराच्या दिवशीं मराठीबरोबर तेलुगू, कानडी व उर्दू याहि भाषा कानीं पडतात. तालुक्यांतील होट्टल येथें चालुक्यकालीन देवळें आहेत. त्यांचें दगडी कोरीव काम पाहिलें म्हणजे या मुलखांतील माणसाची पाषाणाशीं ओळख किती जुनी आहे हें ध्यानांत येतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. १९०० च्या सुमारास हैदराबादेहून मनमाडपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यांतून आगगाडी सुरू झाली. पण ती निजामाबाद, धर्माबाद, मुदखेड, नांदेड या वाटेनें गेली, व देगलूर बाजूस राहिलें. आगगाडी चुकलेल्या गांवाला दोनच आधार उरतात. पहिला बैलगाडीचा आणि दुसरा मोटारीचा. हैदराबाद संस्थानच्या रेल्वेनें जून १९३२ मध्यें २७ गाड्या घेऊन मोटारवाहतूक सुरू केली, आणि अशा आडबाजूच्या तालुक्यांना मोटारीचा रस्ता हाच खरा लोहमार्ग झाला. आज अकोल्याहून हिंगोली, नांदेड व देगलूरवरून संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच गांवावरून जातो, व त्यावर मालमोटारींची रांग दिवसरात्र चालूं असते.

या भूमीची आणखी एक खूण सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर उभी आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट दगडाच्या थरांनीं बनलेला आहे. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. परंतु पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे जातां जातां हा काळा थर विरळ होतो, आणि त्याच्या खालचा, शेंकडों कोटि वर्षांपूर्वींचा ग्रॅनाइट उघडा पडतो. हा दगड कठीण, कणीदार व आंतून घट्ट. त्याच्या पोटांत पाणी असें नसतेंच. जें असतें तें वरच्या झिजलेल्या मुरमांत व खालच्या भेगांत. म्हणून येथें विहीर खणणें म्हणजे दगडाशीं झुंज घेणें आणि भेग सांपडेल या आशेवर ती झुंज लांबविणें होय.

हवा दाबण्याची युक्ति मुळांत फार जुनी. आपल्याकडील लोहाराचा भाता हें तिचें सर्वांना परिचित रूप. भात्याचें कातडें उचललें कीं झडप उघडून हवा आंत येते, दाबलें कीं झडप मिटते आणि हवा नळींतून निखाऱ्यावर जाते. आजच्या कॉम्प्रेसरांत याहून निराळें तत्त्व नाहीं. कातड्याच्या जागीं नळकांडें व दट्ट्या आला, इतकेंच. फरक आहे तो दाबाचा. भात्याची हवा निखारा फुलविते, पण ती सांठवून ठेवतां येत नाहीं. सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनींतील ऑटो फॉन गेरिके यानें दट्ट्याचा पंप करून भांड्यांतील हवा काढून दाखविली. तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा काढली असतां घोड्यांच्या जोड्यांनाहि ते ओढून वेगळे करतां येईनात, हा त्याचा प्रयोग प्रसिद्धच आहे. पुढें १६६२ मध्यें इंग्लंडांत रॉबर्ट बॉइलनें नियम मांडला कीं उष्णता तीच ठेवून हवा अर्ध्या जागेंत कोंबली तर तिचा दाब दुप्पट होतो. गेरिकेनें हवा काढण्याचा पंप केला. तोच उलट चालविला म्हणजे हवा भरण्याचा पंप होतो. पण या ज्ञानाला कामास लावण्यास आणखी दोनशें वर्षें जावीं लागलीं.

तें काम प्रथम मोठ्या प्रमाणावर घडलें डोंगराच्या पोटांत. फ्रान्स व इटली यांच्यामधील आल्प्स पर्वतांतून बारा किलोमीटरांहून लांब असा मों-सनीचा बोगदा खणण्यास १८५७ मध्यें आरंभ झाला. हातानें खणूं लागल्यास त्याला पाव शतक लागेल असा अंदाज होता. तेव्हां जर्मां सोमेय्ये या स्थापत्यशास्त्रज्ञानें पाण्याच्या जोरावर हवा दाबून ती नळांतून बोगद्यांत नेली व तिच्या बळावर दगड फोडणारे हातोडे चालविले. १८६१ पासून यंत्र चालूं झालें, १८७० च्या डिसेंबरांत दोन्ही बाजू एकमेकींस भेटल्या आणि १८७१ मध्यें बोगदा खुला झाला. या हवेचा दुसराहि लाभ असा कीं हातोड्यांतून सुटलेली हवा बोगद्यांतील मजुरांना श्वास घेण्यास उपयोगीं पडे. वाफेचें यंत्र आंत नेलें असतें तर त्याच्या धुरानेंच माणसें गुदमरलीं असतीं.

नेमक्या याच वर्षांत आपल्या सह्याद्रींत दुसरा एक घाट फोडला जात होता. बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ मध्यें सुरू झालें व १८६३ मध्यें पुरें झालें. सुमारें अठराशें फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि ऐन भरांत कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसें. येथें दाबलेली हवा नव्हती. होती ती पहार, घण व सुरुंगाची दारू. एकानें पहार धरून फिरवावी, दुसऱ्यानें घण मारावा, भोंकांतील भुकटी सळईनें काढावी, दारू ठासावी, वात पेटवावी आणि पळावें. पटकीच्या सांथींनीं मजुरांची गर्दीच्या गर्दी उडाली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्यें आल्यानंतर लवकरच मरण पावला, व त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. आल्प्समध्यें हवेनें दगड फोडला, तर बोरघाटांत माणसाच्या दंडानें. ज्या देशांत मजुराचें आयुष्य स्वस्त असतें तेथें यंत्र उशिरां येतें, हा नियम पुढेंहि अनेक वेळां प्रत्ययास आला.

परंतु यंत्र आलें म्हणजे मजुराचें कल्याण झालें, असेंहि समजावयाचें कारण नाहीं. हातानें पाडलेल्या भोंकाची भुकटी जड व थोडी. हवेच्या हातोड्यानें उडालेली धूळ पिठाहून बारीक व अखंड. ती छातींत बसली कीं फुप्फुसें दगडी होतात. अमेरिकेंतील खाणींत या पहिल्या यंत्रांना कामगारांनीं ‘विधवा करणारें यंत्र’ असें नांव दिलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लेनर यानें पोकळ पहारीच्या आंतून पाणी सोडण्याची युक्ति काढली. धूळ चिखल होऊन खालीं बसूं लागली, व ज्या खाणींनीं ती पत्करली तेथील माणसें वांचलीं. उपाय इतका साधा होता. तो अजूनहि सर्व ठिकाणीं पाळला जात नाहीं, ही गोष्ट पुढें देगलूरकडे वळतांना लक्षांत ठेवावी.

हवा डोंगरांतून निघून चाकांवर चढली ती दोन वाटांनीं. एक ब्रेकाची व दुसरी टायराची. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुणानें १८६९ मध्यें आगगाडीसाठीं हवेचा ब्रेक काढला. एंजिनावर हवा दाबावयाची, नळानें ती प्रत्येक डब्याखालीं न्यावयाची, व तिच्या दाबानें ठोकळे चाकांवर आवळावयाचे. यांत एक मोठें वैगुण्य होतें. नळ फुटला किंवा डबे सुटले तर हवा निघून जाई व ब्रेक लागतच नसे. म्हणजे अपघाताच्या वेळींच साधन निकामी होई. १८७२ च्या सुमारास त्यानें सगळी योजनाच उलटी केली. आतां नळांत हवा भरलेली असली म्हणजे ब्रेक सुटलेला, व हवा गेली म्हणजे प्रत्येक डब्याखालच्या स्वतंत्र टाकींतील हवेनें ब्रेक आपोआप लागलेला. साधन बिघडलें तर गाडी थांबावी, धांवूं नये, हें यंत्रशास्त्रांतील फार मोलाचें सूत्र आहे. आजच्या जड मालमोटारींतहि तेंच सांपडतें. त्यांच्या मागील चाकांवर दणकट स्प्रिंग असते, हवा तिला मागें रेटून धरते. टाकींतील हवा संपली कीं स्प्रिंग सुटते आणि गाडी जागेवर खिळते. हिंदुस्थानच्या रेल्वेंत मात्र विसाव्या शतकाचा बहुतेक काळ निर्वात ब्रेक चालत असे. निर्वातास वातावरणाच्या दाबाची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅमची मर्यादा आहे. दाबलेल्या हवेस ती नाहीं.

टायराची कथा अधिक घरगुती. १८४५ मध्यें रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें हवेच्या चाकाचा हक्क नोंदविला, पण त्या काळीं ना सायकली होत्या ना मोटारी. शोध आला व विसरला गेला. १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तोच शोध पुन्हां लावला. १८९५ मध्यें मिशलँ बंधूंनीं पॅरिस ते बोर्दो व परत अशा शर्यतींत हवेच्या टायरांची मोटार चालविली. वाटेंत टायर पुन्हां पुन्हां पंक्चर झाले, पण ही जात टिकणार हें लोकांना पटलें. तेव्हांपासून हवेच्या टायराबरोबर हवा भरण्याचा प्रश्न सावलीसारखा चालत आला.

सायकलीला हातपंप पुरे. मालमोटारीचें तसें नाहीं. मोठ्या मालमोटारीच्या टायरांत सवाशें लिटर जागा धरली व दाब सात किलोग्रॅमचा हवा असला, तर बाहेरची आठनऊशें लिटर हवा आंत कोंबावी लागते. हातपंपाच्या एका हिसक्यास अर्धा लिटर हवा जाते असें मानलें, तर सोळासतराशें हिसके झाले. आणि दाब वाढेल तसा दांडा अधिकाधिक जड होत जातो. आडरानांत टायर बसला म्हणजे चालक व क्लीनर यांनीं आळीपाळीनें हा उद्योग करावयाचा, आणि मध्येंच ठिगळ सुटलें तर पुन्हां पहिल्यापासून. जुन्या काळीं मोटारवाल्यांनीं यावर एक नामी तोड काढली होती. एंजिनाच्या एका नळकांड्याचा स्पार्क प्लग काढून त्या जागीं पंपाचा जोड बसवावयाचा. बाकीच्या नळकांड्यांवर एंजिन चालूं राही व तें एक नळकांडें हवेचा पंप होई. १९१० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं भारी मोटारींवर एंजिनानें फिरणारा टायरपंप कारखान्यांतूनच बसवून येत असे. दुसऱ्या महायुद्धांत तर अमेरिकन सैन्याच्या ‘डक’ नांवाच्या, पाण्यांत व जमिनीवर चालणाऱ्या गाडींत चालकाला बसल्या जागेवरून टायरांतील हवा कमीजास्त करतां येत असे. वाळूंत हवा कमी करून चाक पसरट करावयाचें, पक्क्या रस्त्यावर पुन्हां भरावयाची.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशांत मालमोटारींचा कारखानदारी पाया घातला गेला. १९५४ पासून जमशेदपुरास टाटांनीं जर्मन कंपनीच्या साहाय्यानें मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. १९५८ मध्यें पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक ही हवेचीं यंत्रें बनविणारी कंपनी निघाली. जड मालमोटारींत हवेचा ब्रेक आला, व त्याबरोबर एंजिनावर फिरणारा लहानसा कॉम्प्रेसरहि आला. परंतु लहान मालमोटारींत ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. त्यांत हवेचें यंत्र मूळचें नसतें. अशा गाडीच्या मालकाला टायर भरण्यास, धूळ उडविण्यास किंवा हवेचीं हत्यारें चालविण्यास हवा हवी असली म्हणजे तो मिस्त्रीकडे जातो, आणि मग घरगुती कॉम्प्रेसराचा अध्याय सुरू होतो.

या घरगुती जुळणींत अद्भुत असें कांहीं नाहीं. आहे ती भंगारांतील वस्तूला दुसरें आयुष्य देण्याची दृष्टि. मोडीत निघालेल्या मालमोटारीचा ब्रेकाचा कॉम्प्रेसर मिस्त्री उचलतो, किंवा गाडी थंड करणाऱ्या यंत्राचा दट्ट्याचा कॉम्प्रेसर घेतो. दुसरा घेतांना एक विवेक ठेवावा लागतो. ज्याच्या पोटांत स्वतःचें तेल राहतें तोच कामाचा; ज्याचें तेल थंड करणाऱ्या वायूबरोबर फिरत असतें तो नुसत्या हवेवर चालविला तर थोड्याच वेळांत कोरडा पडून अडकतो. मग एंजिनाशेजारीं जाड पत्र्याचा कंस करून त्यावर तो बसवावयाचा, एंजिनाच्या पुलीच्या अगदीं रेषेंत त्याची पुली आणावयाची व पट्टा चढवावयाचा. रेषा अर्ध्या बोटानें चुकली तरी पट्टा उडतो. आंत येणाऱ्या हवेला गाळणी, बाहेर जाणाऱ्या हवेला तेल वेगळें करणारें भांडें, मग टाकींतील हवा उलटी फिरूं नये म्हणून एकमार्गी झडप, मग टाकी, टाकीवर दाबाचें घड्याळ, ठराविक दाबाला यंत्र थांबविणारा खटका, त्याहून थोड्या अधिक दाबाला आपोआप उघडणारी सुरक्षेची झडप, आणि टाकीच्या तळाशीं पाणी काढण्याची तोटी. इतकें झालें म्हणजे गाडीवर हवेचें घर झालें.

या यादींतील प्रत्येक वस्तु एकेका शास्त्रीय कारणासाठीं आहे, आणि घरगुती जुळणींत नेमकी एकदोनांना फांटा मिळतो. यंत्र चालण्यास कॉम्प्रेसर, पट्टा, टाकी व नळी एवढें पुरतें. बाकीच्या वस्तु यंत्र चालावें म्हणून नसून माणूस वांचावा म्हणून असतात, व म्हणूनच त्या ‘नंतर बसवूं’ या सदरांत जातात. हवा दाबली कीं तापते. २७ अंशांची हवा एका दमांत आठपट दाबली व उष्णता कोठेंच गेली नाहीं असें धरलें, तर तिची उष्णता अडीचशें अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षांत नळकांड्याच्या अंगानें पुष्कळशी उष्णता निघून जाते. तरीहि पहिली नळी तांब्याची किंवा लोखंडाची व लांब असावी लागते. तेथेंच रबराची नळी जोडली तर ती करपते, व तिच्यांत सांचलेलें तेल पेटण्याचीहि भीति असते.

दुसरा शत्रु पाणी. हवेंतील बाष्प टाकींत थंड झालें कीं त्याचें पाणी होऊन तळाशीं बसतें. बाहेरून रंगविलेली टाकी आंतून गंजत असते. रोज तोटी उघडून तें पाणी काढणें हें दोन मिनिटांचें काम. पण ज्या टाकीला तोटीच नाहीं, किंवा जी टाकी जुन्या गॅसच्या नळकांड्यापासून अगर पातळ पत्र्याच्या पिंपापासून जोडून केली आहे, तिचा पत्रा किती उरला आहे हें कोणासच दिसत नाहीं. शंभर लिटरांची टाकी सात किलोग्रॅम दाबानें भरली असली तर तिच्या पोटांत साधारणतः एक टन वजन नऊ मीटर उंच फेंकण्याइतकी शक्ति दबा धरून बसलेली असते. अशी टाकी फाटली म्हणजे ती गळत नाहीं, ती उडते. म्हणून टाकीची परीक्षा हवेनें न करतां पाण्यानें करतात. पाणी जवळ जवळ दाबलें जात नाहीं. त्यामुळें पाण्यानें भरलेली टाकी फाटली तर चार थेंब उडतात, माणूस उडत नाहीं. कारखान्यांतून तपासून आलेली टाकी व मोजमापाची सुरक्षेची झडप यांना जो खर्च येतो, तो एका मजुराच्या डोळ्यापेक्षां निश्चितच कमी आहे.

तिसरी गोष्ट ब्रेकाची. ज्या गाडीला कारखान्याचाच हवेचा ब्रेक आहे, तिच्या ब्रेकाच्या टाकीवरून कर्ण्यासाठीं किंवा इतर कामासाठीं बिनदिक्कत नळी काढणें ही मोठी चूक होय. ती नळी फुटली तर गेलेली हवा ब्रेकाची असते. अशा वेळीं इतर कामांना स्वतंत्र टाकी व मध्यें अशी झडप हवी कीं जी ब्रेकाची टाकी भरल्यावरच पुढें हवा सोडील. अनेक सुरांच्या कर्ण्यांना तर मोटारगाड्यांच्या १९८९ च्या नियमांतच मनाई आहे. पण घाटांत ज्याच्या मागें भरलेली मालमोटार येत असते, त्याला नियमापेक्षां तिच्या ब्रेकाची चिंता अधिक असावी.

आतां रस्ता सोडून शिवारांत शिरावें. हवेचें यंत्र मालमोटारीवर व ट्रॅक्टरवर चढलें, आणि महाराष्ट्राच्या खेडोपाडीं त्यानें जो सर्वांत मोठा पालट केला, तो विहिरींत. पूर्वीं विहिरीचा खडक फोडण्याचें काम मुख्यतः वडार समाजाच्या पिढीजात कसबावर चाले. पहार, छिन्नी व घण यांनीं भोंक पाडून सुरुंग ठासावयाचा. कठीण खडकांत हातभर भोंकास कित्येक तास लागत. विहिरीला उन्हाळ्यामागून उन्हाळे जात, व पैसा संपला म्हणजे ती अर्धवट राही. ट्रॅक्टरच्या एंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर, त्यामागें टाकी, लांब नळ्या आणि विहिरींत उतरविलेले हवेचे हातोडे, ही जुळणी गांवांत आली तेव्हां तेंच भोंक मिनिटांत पडूं लागलें. भाड्यानें घेतलेलें हें यंत्र दिवसभरांत सुरुंगांची रांग तयार करतें, संध्याकाळीं स्फोट होतो, व दुसऱ्या दिवशीं गाळ काढला जातो. ज्याला उभी विहीर खणणें परवडत नसे, त्याला ती परवडूं लागली. देगलूरच्या ग्रॅनाइटांत तर हातानें जें बहुधा अशक्य, तें शक्य झालें.

१९७२ च्या दुष्काळानें या यंत्राची निकड आणखी वाढविली. त्या वर्षीं मराठवाड्यांत विहिरी तळाला गेल्या. लाखों माणसें खडी फोडण्याच्या व बंधाऱ्याच्या कामावर आलीं, आणि त्याच अनुभवांतून पुढें महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला. पाणी खोल गेलें तसें खोल भोंक पाडणारें यंत्र हवें झालें. हातोडा वर ठेवून लांब पहार ठोकली तर ठोक्याचें बळ वाटेंतच विरतें. म्हणून १९५० च्या दशकांत अशी युक्ति निघाली कीं हातोडाच नळाच्या टोंकाशीं भोंकाच्या तळापर्यंत सोडावयाचा व हवेनें तेथें चालवावयाचा. तीच हवा उलट वर येतांना दगडाची भुकटी बाहेर फेंकते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धांत मराठवाड्यांतच, जालना येथें, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननें अशा हवेच्या यंत्रानें गांवोगांव पिण्याच्या पाण्यासाठीं कूपनलिका घेण्याचें काम चालविलें. जालना व सोलापूर येथें तयार झालेल्या दणकट हातपंपांच्या अनुभवांतून पुढें ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप आकारास आला व देशभर पसरला. मालमोटारीवर बसविलेला मोठा कॉम्प्रेसर व उंच शिडी अशा बोअरच्या गाड्या मग गांवोगांव फिरूं लागल्या. तमिळनाडूंतील तिरुचेंगोडे हें गांव तर या गाड्यांच्या धंद्याचें माहेरघरच झालें.

येथवर ही कथा माणसाच्या विजयाची वाटते. पुढील भाग तसा नाहीं. हाताच्या घणानें खणलेल्या विहिरीला एक नैसर्गिक मर्यादा होती. माणूस थके, पैसा संपे, आणि खोली थांबे. हवेच्या हातोड्याला थकवा नाहीं. शेजाऱ्याचें भोंक दोनशें फूट गेलें म्हणून आपलें तीनशें, आणि आपलें आटलें म्हणून त्याचें चारशें, अशी चढाओढ गांवोगांव लागली. ग्रॅनाइटाच्या भेगेंतील पाणी कोणा एकाच्या सात-बाऱ्यावर लिहिलेलें नसतें. ती भेग चार शेतांखालून जाते, व जो खोल जातो तो इतर तिघांच्या विहिरी कोरड्या करतो. शिवाय खोल भोंकास पाणी लागेलच असेंहि नाहीं. कर्ज काढून घेतलेला बोअर कोरडा गेला म्हणजे शेतकऱ्याला पाण्यावांचून व्याज भरावें लागतें. राज्यानें भूजलाचा २००९ चा कायदा केला, त्यांत ६० मीटरांहून खोल विहिरींवर बंधन व बोअरच्या गाड्यांच्या मालकांची नोंदणी अशीं कलमें घातलीं. परंतु पाणी दिसत नाहीं व भोंक रात्रींत पडतें. अशा ठिकाणीं कायद्याचा हात नेहमींच आंखूड ठरतो.

२०१६ च्या एप्रिलमध्यें शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्या मांजरा नदीवरील धरण तेव्हां आटलें होतें, तीच नदी पुढें वाहत येऊन देगलूर-बिलोलीच्या कडेनें गोदावरीस मिळते. त्या वर्षीं लातूर भागांत खोल भोंकांची वाण नव्हती. वाण होती ती त्यांत उतरणाऱ्या पाण्याची. हवेच्या यंत्रानें खडकाला वाट पाडतां येते, पण त्या वाटेनें पाऊस खालीं मुरविणें हें काम हवा करीत नाहीं. तें बांध, नाले, तळीं व झाडें यांनींच करावें लागतें, आणि तें संथ व एकट्यानें न होणारें असल्यामुळें मागें पडतें.

या सर्व इतिहासाकडे पाहिलें असतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. गेरिकेच्या नळकांड्यापासून तालुक्याच्या मिस्त्रीनें भंगारांतून जोडलेल्या कॉम्प्रेसरापर्यंत दाबलेली हवा तीच आहे व तिचा नियमहि तोच आहे. वेस्टिंगहाउसनें बिघाडाच्या क्षणाचा विचार आधीं केला, म्हणून त्याचा ब्रेक दीडशें वर्षें टिकला. लेनरनें मजुराच्या छातीचा विचार केला, म्हणून त्याचें नांव राहिलें. गांवच्या मिस्त्रीची कल्पकता या दोघांहून कमी आहे असें कोणी म्हणूं नये. हातांत साधनें थोडीं व गिऱ्हाईक गरीब असतां तो जें उभें करतो त्याला बुद्धि लागते. त्याच्या यंत्रावर एक तपासलेली टाकी, एक सुरक्षेची झडप व एक पाण्याची तोटी यांची भर पडावी. खडकांत उतरणाऱ्या मजुराच्या हातोड्याला धूळ बसविणारें पाणी व त्याच्या नाकातोंडाला आवरण मिळावें. आणि विहिरीच्या मालकानें खोल जाण्यापूर्वीं आपल्या शिवारांत गेल्या पावसाचें पाणी किती अडविलें याचा हिशोब करावा. या तीन गोष्टींना मोठ्या शोधाची गरज नाहीं. त्या झाल्या तर मालमोटारीवरचा हा भाता देगलूरच्या कठीण खडकांत पुढील पिढीसाठींहि पाणी राखील.